अफवा खोटी, पत्ता खरा

दर एक-दोन वर्षांनी मुंबईत ‘मुलं पळवणारी टोळी आली आहे’ असा संदेश फिरतो आणि दर वेळी त्यावर तोच वाद तसाच घातला जातो. एकीकडे ‘खरं-खोटं माहीत नाही, पण सावध राहिलेलं बरं’ म्हणत तो पुढे ढकलणारे. दुसरीकडे पोलिसांचा खुलासा चिकटवून ‘शिकलेसवरलेले असून असलं काय पाठवता?’ म्हणत विषय संपवणारे. सप्टेंबर २०२२ मध्ये या अफवा खोट्या असल्याचं मुंबई पोलिसांना जाहीरपणे सांगावं लागलं, तेव्हाही हेच झालं. अलीकडे यात तिसरा गट वाढला आहे: आरे कॉलनीत किंवा मढच्या रस्त्यावर रात्री कॅमेरा नेऊन ‘झपाटलेली मुंबई’ दाखवणाऱ्यांचा. पहिल्यांसाठी ही भीती आहे, दुसऱ्यांसाठी अडाणीपणा, तिसऱ्यांसाठी करमणूक. प्रश्न मात्र तिघांचाही एकच, हे खरं आहे की नाही? माझ्या मते हा प्रश्न फार लवकर सुटतो आणि सुटल्यावर हाती काहीच लागत नाही. शहरात पसरलेली अफवा किंवा वर्षानुवर्षं टिकलेली दंतकथा बहुतेक वेळा खोटीच असते. पण शहराला दुखतं कुठे, ते ती बऱ्याचदा अचूक सांगते. ती चुकते आरोपी ठरवण्यात. आणि आपण करतो काय, तर आरोपी खोटा निघाला की दुखण्याचीही फाइल बंद करून टाकतो.

याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण सव्वाशे वर्षांपूर्वीचं आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवीत प्लेगचं निदान केलं आणि थोड्याच दिवसांत शहरात वदंता पसरली की सरकारी इस्पितळात माणसांची ‘मोमिआई’ काढतात. म्हणजे माणूस उलटा टांगायचा, खाली मंद जाळ ठेवायचा आणि ठिबकणाऱ्या तेलाचं औषध करायचं. व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला त्याच ऑक्टोबरात कुणी तरी डांबर फासलं होतं, तेव्हा त्याच्या सुडापोटी राणीने माणसांची काळजं मागितली आहेत, अशीही कथा जोडली गेली. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी हजारेक गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. हेच आजचं कस्तुरबा रुग्णालय. तेव्हाच्या साहेबी वर्तुळात याला एकच नाव होतं, नेटिवांची अंधश्रद्धा. मोमिआई ही थाप होती यात शंका नाही. पण इस्पितळात नेलेल्यांपैकी बरेच जण परत येत नव्हते, ही थाप होती का? नातेवाइकांना दूर ठेवलं जात होतं, घरांत शिरून झडत्या होत होत्या, बायकांना परके पुरुष तपासत होते, गाठोडी आणि अंथरुणं जाळली जात होती, आणि १८९७ च्या साथरोग कायद्याने या सगळ्यावर शिक्कामोर्तब केलं होतं. ज्या दारातून माणूस आत जातो आणि बाहेर काहीच कळत नाही, त्या दारामागे काय चालतं याची गोष्ट लोक रचणारच. ती त्यांनी भयंकर रचली. दार मात्र त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

पुढे काय झालं ते जास्त महत्त्वाचं. मार्च १८९८ मध्ये मदनपुऱ्यात तपासणी पथकाला झालेला विरोध दंगलीपर्यंत गेला आणि त्यानंतर सरकारला सक्ती सैल करावी लागली. वेगवेगळ्या समाजांना आपापली प्लेगची इस्पितळं चालवू दिली गेली. तिथे आपल्या माणसाच्या उशाशी बसता येत होतं, ओळखीचा वैद्य-डॉक्टर दिसत होता. लोकांचा विरोध ओसरला तो या बदलांनी; मोमिआई खोटी असल्याची पत्रकं वाटून तो ओसरला नाही. शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी आपण बनवलेली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. हेतू शास्त्रीय चाचणीचा होता, पण शंका घेणाऱ्या शहराला याहून चांगलं उत्तर दुसरं कोणतं देता आलं असतं?

आता माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यात मोठा आक्षेप, आणि तो मी अजिबात हलका मानत नाही. अफवेने माणसं मरतात. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून ठेचून मारलं गेलं. ते मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत फिरत आले होते. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघरमधल्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा चालक, तिघांचा असाच जीव गेला. या माणसांच्या घरच्यांना कुणी सांगावं की अफवा ‘समाजाची वेदना’ व्यक्त करते म्हणून? दगड हातात घेतलेल्या जमावासमोर अर्थ लावत बसायचं नसतं. तिथे पोलीस लागतात, वेळेवर खुलासा लागतो आणि नंतर शिक्षा लागते. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीने गावोगाव जाऊन जे केलं, त्याची गरज आजही तसूभर कमी झालेली नाही. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा दाभोलकरांच्या खुनानंतर मिळाला, हे विसरून अफवांवर लिहिण्याचा हक्क महाराष्ट्रात कुणाला नाही.

शिवाय आरोपी चुकतो म्हणजे नेमका कोण बळी पडतो, तेही बघायला हवं. तो कधीही बलवान नसतो. २०२२ च्या त्या संदेशानंतर आमच्या इमारतीत जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बाईला वॉचमनने फाटकावर अडवलं. ती वर्षानुवर्षं येते; कोणत्या मजल्यावरच्या काकू साडीच्या बदल्यात स्टीलच्या डब्यासाठी किती घासाघीस करतात, हेसुद्धा तिला पाठ आहे. तिला गाठोडं सोडायला लावलं. तिने पातेली, परात, एकात एक बसणारे डबे फरशीवर मांडले, वॉचमनने रिकाम्या फडक्याकडे पाहिलं आणि तिने ते सगळं पुन्हा बांधलं. कुणी शिवी दिली नाही, कुणी हात लावला नाही. मात्र त्याच वेळी शाळेची मुलं कोंबून भरलेली, दार दोरीने बांधलेली व्हॅन फाटकातून आत आली आणि तिच्याकडे कुणी पाहिलंही नाही. आपल्या मुलांना रोजचा धोका कुठून आहे? गाठोड्यातून की त्या व्हॅनमधून? अफवेने आई-बापांचं लक्ष मुलांच्या शाळेच्या वाटेकडे नेलं, आणि ते बरोबर होतं. त्या वाटेवरचा सगळ्यात दुबळा माणूस तिने पकडून दिला.

म्हणून खुलासा हवाच, यात वाद नाही. माझा आक्षेप खुलाशावर थांबण्याला आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. दोन दिवसांनी, २८ तारखेला, जुहू-विलेपार्ल्याच्या नेहरूनगर वस्तीत ‘धरण फुटलं, पाणी येतंय’ अशी हूल उठली आणि अंधारात, चिंचोळ्या गल्ल्यांत चेंगराचेंगरी होऊन पंधराहून जास्त माणसं गेली. धरण फुटलं नव्हतं. पण दोनच दिवस आधी ज्यांच्या घरात छातीएवढं पाणी कोणतीही सूचना न देता शिरलं होतं, त्यांनी पुन्हा तसंच शिरणार नाही यावर कशाच्या जोरावर विश्वास ठेवायचा? मिठी नदीत विहार आणि पवई तलावांचं पाणी ओसंडून येतं, हे कित्येक मुंबईकरांना त्या आठवड्यात पहिल्यांदा कळलं. वीज नाही, फोन नाही, पाणी चढतंय की उतरतंय हे सांगणारी अधिकृत यंत्रणा नाही. जिथे सरकारचा आवाज पोहोचत नाही तिथे शेजारच्याची आरोळीच खरी मानावी लागते. त्या मृत्यूंचं खापर ‘अफवेवर’ फोडलं की सूचना देण्याची जबाबदारी कुणाची होती, हा प्रश्न आपोआप गळून पडतो.

एलफिन्स्टन रोडचंही तेच. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी पावसात एलफिन्स्टन रोड आणि परळ स्थानकं जोडणाऱ्या पुलाच्या जिन्यावर २३ जण चेंगरून मेले. कुणी तरी ‘फूल गिर गया’ म्हणालं आणि लोकांनी ‘पूल गिर गया’ ऐकलं, असं त्या वेळी छापून आलं. ते अगदी तसंच घडलं असं धरून चालू. तरी लोकांनी ते क्षणात खरं का मानलं? कारण त्या जिन्यावर रोज उभं राहणाऱ्याला पूल पडू शकतो हे पटवून द्यावं लागत नव्हतं. परळ आणि लोअर परळच्या गिरण्यांच्या जागी काचेचे टॉवर उभे राहिले, लाखो लोक तिथे नोकरीला येऊ लागले आणि पूल गिरण्यांच्या काळातलाच राहिला. पुढच्याच वर्षी, ३ जुलै २०१८ ला, अंधेरीच्या गोखले पुलाचा भाग रुळांवर कोसळला. १४ मार्च २०१९ ला सीएसएमटीजवळचा हिमालय पूल पडून माणसं मेली. एलफिन्स्टनच्या जिन्यावर त्या दिवशी जी हूल खोटी होती, ती पुढच्या दोन वर्षांत या शहरात दोनदा खरी ठरली.

भुतांच्या गोष्टींना हे लागू होत नाही, असं कुणी म्हणेल. मला तर तिथे ते जास्तच लागू होतं असं वाटतं. कोकणातून, घाटावरून माणसं गिरणीत आली तेव्हा भुतंही सोबत आली. गावचं भूत ओळखीचं असतं: पिंपळावरचा मुंजा, पाण्याकाठचा गिऱ्हा, वाट चुकवणारा चकवा. ते कोणाच्या घरातलं, कशाने गेलं, त्याला काय वाहिलं की ते वाटेतून बाजूला होतं, हे म्हाताऱ्यांना ठाऊक असतं. शहरातल्या भुताला यातलं काहीच नाही. आरेच्या रस्त्यावरची ‘पांढऱ्या साडीतली बाई’ कोण? तिचं नाव काय, गाव कुठलं, ती मेली कशाने? ही कथा सांगणाऱ्यांपैकी कुणालाच ते माहीत नसतं आणि कुणी विचारतही नाही. ज्या शहरात शेजारचा फ्लॅट कोणाचा हे ठाऊक नसतं, तिथलं भूतही अनोळखीच असणार.

रात्री गाडी थांबवायला सांगणारी आणि मग नाहीशी होणारी बाई जगातल्या किती तरी शहरांत आहे; ती आरेची खास नाही, हे मान्य. तरीही ती आरेतच का टिकली, हे विचारण्यासारखं आहे. गोरेगावहून पवई-मरोळकडे जाणारा हा रस्ता रात्री काळोखात बुडतो, आणि तिथली माणसं तो पायी तुडवतात. आरेत आदिवासी पाडे आहेत, १९४९ पासूनची दुग्धवसाहत आहे, तबेले आहेत. कामावरून उशिरा परतणाऱ्या पाड्यातल्या बाईला त्या रस्त्यावर भीती आहे ती काळोखाची, बिबट्याची आणि शेजारी येऊन वेग कमी करणाऱ्या गाडीची. वारली लोक वाघोबाला पुजतात. बिबट्याशी कसं वागायचं याचा काही तरी रिवाज त्यांच्याकडे आहे. गाडीवाल्याशी कसं वागायचं याचा नाही. आता दंतकथेकडे पाहा. तिने रस्ता बरोबर धरला, वेळ बरोबर धरली, बाईही बरोबर धरली. फक्त भूमिका उलट्या केल्या: गाडीतला पुरुष घाबरलेला आणि रस्त्यावरची एकटी बाई धोकादायक. हा उलटफेर मला कोणत्याही भुतापेक्षा जास्त भयानक वाटतो.

रात्री कॅमेरा घेऊन येणारे ते रीळवाले आणखी एक नुकसान करतात. त्यांच्या चित्रणात आरे ‘ओसाड’ असतं. पाडे दिसत नाहीत, शाळेत जाणारी पोरं दिसत नाहीत. ४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री मेट्रोच्या कारशेडसाठी तिथे झाडं तोडायला सुरुवात झाली आणि ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने थांबवेपर्यंत २,१४१ झाडं पडली होती. जागा ओसाड आहे, तिथे कुणी राहत नाही, हे शहराच्या डोक्यात पक्कं बसलेलं असलं की असं करणं किती सोपं जातं! भुताची गोष्ट सांगणाऱ्याच्या मनात हे नसेलही, पण त्या गोष्टीचा उपयोग कोणाला झाला ते पाहायला नको का?

बंद गिरण्यांची कहाणी याहून बोलकी आहे. कुलाब्याची मुकेश मिल ‘झपाटलेली’ म्हणून प्रसिद्ध. अंधार पडल्यावर तिथे चित्रीकरण करायला कलाकार धजावत नाहीत, अशी कथा. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, तो विरत गेला आणि त्याबरोबर गिरणगावही विरलं. इतक्या संसारांची राखरांगोळी झालेल्या जागेबद्दल नव्या मुंबईकराला एकच गोष्ट ठाऊक असते, की तिथे भूत आहे. कामगारांची घरं, थकलेली देणी, भोंगा, सगळं गेलं आणि आठवणीची जागा भुताने घेतली. इथेही पत्ता खरा आहे, त्या भिंतींआड अन्याय झाला आहे. २२ ऑगस्ट २०१३ ला महालक्ष्मीजवळच्या बंद पडलेल्या शक्ती मिलच्या आवारात एका तरुण छायाचित्रकार पत्रकारावर सामूहिक बलात्कार झाला, तेव्हा सगळ्या देशाला कळलं की शहराच्या मध्यावर एवढी मोठी जागा दिव्याविना, पहाऱ्याविना वर्षानुवर्षं पडून राहू शकते. अशा जागेत भुतं असतात म्हणून आपण आपल्या मुलींना तिथून लांब ठेवलं. ती जागा तशी कोणी ठेवली, हे विचारलं नाही.

फुटपाथवर झोपणाऱ्यांच्या बाबतीतही असंच झालं. १९६८ मध्ये रामन राघव या खुन्याच्या धास्तीने उपनगरांत लोक रात्र-रात्र काठ्या घेऊन जागत होते, तेव्हा तो पोपट होतो, मांजर होतो, म्हणून सापडत नाही अशी वदंता होती. ऑगस्टमध्ये तो पकडला गेला आणि साधा माणूस निघाला. १९८५ पासून पुढची एक-दोन वर्षं शीव-किंग्ज सर्कलच्या बाजूला कुणी तरी झोपलेल्यांच्या डोक्यात दगड घालत होतं. वर्तमानपत्रांनी त्याला ‘स्टोनमॅन’ केलं, डझनभर माणसं गेली, मारेकरी कधीच सापडला नाही. मेलेल्यांपैकी बऱ्याच जणांची ओळखही पटली नाही. त्याच १९८५ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने फुटपाथवासीयांच्या खटल्यात निकाल दिला: उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात येतो, पण रीतसर नोटीस देऊन त्यांना हटवायला हरकत नाही. मारेकऱ्याच्या दंतकथा आज चाळीस वर्षांनीही रंगवून सांगितल्या जातात. पण या शहरात एवढी माणसं उघड्यावर झोपत होती म्हणूनच तो इतके दिवस मोकळा राहू शकला, हे त्या दंतकथांत कुठेही येत नाही.

दुसरा आक्षेपही रास्त आहे: असा अर्थ कशातूनही काढता येईल, मग प्रत्येक थापेला मखरात बसवायचं का? नाही. काही अफवा नुसत्या प्रवासी असतात. थिएटरच्या खुर्चीत एड्सची सुई टोचून ठेवतात, ही गोष्ट देशोदेशी फिरून मुंबईत आली. तिने सांगितलेली जागाही चुकीची होती आणि माणूसही. ती नुसती खोडून काढणंच योग्य होतं. पण १८ ऑगस्ट २००६ घ्या. माहीमच्या समुद्राचं पाणी गोड झालं म्हणून हजारो माणसं बाटल्या घेऊन किनाऱ्यावर उतरली, तेच गढूळ पाणी प्यायली, लहान मुलांनाही पाजलं. पालिकेने इशारा दिला, जाणकारांनी सांगितलं की पावसात मिठीतून आलेलं गोडं पाणी वर तरंगतं. अगदी बरोबर. मग चमत्कार की विज्ञान यावर वाद झाला. पण त्या दिवसाने मिठीचं मुख सगळ्या शहराच्या डोळ्यांसमोर आणलं होतं, पुराला जेमतेम वर्ष झालं होतं आणि मिठीसाठी खास प्राधिकरणही २००५ मध्येच नेमलेलं होतं. त्या पाण्यात सांडपाणी कुठून येतं आणि ते बंद कधी होणार, हे विचारायला याहून चांगली संधी कोणती होती? श्रद्धावाल्यांनी ते विचारलं नाही, आणि विज्ञानवाल्यांनीही नाही. मला दुसऱ्यांची चूक जास्त टोचते, कारण त्यांच्याकडे विचारण्याचं साधन होतं.

म्हणून मुलं पळवणाऱ्या टोळीकडे परत यायचं तर, पोलिसांचा खुलासा अर्धा असतो असं माझं म्हणणं आहे. १० मे २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हरवलेल्या प्रत्येक मुलाची तक्रार गुन्हा म्हणून नोंदवायची आणि अपहरण किंवा तस्करी गृहीत धरूनच तपास सुरू करायचा. त्यामुळे घर सोडून पळालेल्या, भांडून मावशीकडे गेलेल्या मुलाचीही नोंद अपहरणात होते, आणि मग वर्षाच्या आकडेवारीतला ‘अपहरणांचा’ मोठा आकडा तोडून कुणी तरी टोळीच्या संदेशाला चिकटवतं. हे पोलिसांनी लोकांना समजावून का सांगू नये? खुलाशाबरोबर त्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत वर्षभरात किती मुलं हरवली, किती परत मिळाली, किती अजून मिळाली नाहीत, एवढं द्यावं. १०९८ ही बालकांसाठीची हेल्पलाइन आहे हे द्यावं. झोपडपट्टीतली बाई मुलगी हरवल्याची तक्रार घेऊन आली तर तिला ‘येईल परत, एक-दोन दिवस वाट बघा’ म्हणून परत पाठवणं बेकायदा आहे, हेही त्यातच लिहावं. न मिळालेली मुलं आहेत, आणि त्यातली बरीचशी अशा घरांतली आहेत ज्यांचा आवाज आपल्या सोसायटीच्या ग्रुपपर्यंत पोचत नाही. टोळीच्या अफवेने त्यांच्याकडेच बोट दाखवलेलं असतं.

यावर उत्तर ठरलेलं असतं: असे आकडे दिले तर घबराट पसरेल. १८९६ मध्येही हाच विचार होता. सुरुवातीला प्लेगला प्लेग म्हणायचीच तयारी नव्हती, एक विचित्र ताप आला आहे इतकंच सांगितलं जात होतं. मोमिआईची कथा याच दिवसांत शहरभर पसरली, आणि पुढच्या फेब्रुवारीपर्यंत जवळपास निम्मी मुंबई शहर सोडून गेली होती.